विश्लेषण : वालचंद हिराचंद यांना जहाजे चालवण्यासाठी सरकारने काय दिले आणि काय नाकारले?

परभणी जिल्ह्यात गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे, समुद्र नाही. मुंबईचे बंदर इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. तरीही सेलू किंवा मानवतच्या बाजारात कापसाला आणि सोयाबीनला जो भाव फुटतो, त्यात जहाजाच्या भाड्याचा वाटा असतोच. कापसाच्या गाठी परदेशी जातात, सोयापेंड जाते, डीएपी खत बाहेरून येते आणि प्रत्येक फेरीचे भाडे शेवटी कोणाच्या तरी खिशातून जाते. हे भाडे कोणाच्या जहाजाला द्यायचे आणि आपली जहाजे उभी राहावीत म्हणून सरकारने किती झीज सोसायची, हा प्रश्न सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा समोर आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९ हजार ७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका कंत्राटदाराने सरकारपुढे मांडला होता आणि त्यासाठी आयुष्याची तीस वर्षे खर्ची घातली होती. ते म्हणजे वालचंद हिराचंद.

आज हे नाव बहुतेकांना वेगळ्याच वाटेने माहीत असते. कोणाला रावळगावच्या गोळ्या आठवतात, कोणाला वालचंदनगरचा साखर कारखाना, कोणाला मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, तर कोणाला सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय. पण त्यांनी सर्वाधिक काळ ज्याच्यासाठी भांडण केले, तो धंदा जहाजांचा होता.

सोलापूरचा मुलगा समुद्राकडे कसा वळला?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, गुजराती दिगंबर जैन. पण सोलापुरात स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद सावकारी आणि कापसाचा व्यापार करीत. आई वालचंद यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे असे फिरत झाले. ते दिवस प्लेगचे होते. पदवी हाती लागली नाही. घरच्या पेढीवर बसून त्यांनी ज्वारीच्या व्यवहारात हात घातला आणि नुकसान करून घेतले. सोलापूर-मराठवाड्याच्या पट्ट्यात ज्वारीने अनेकांना तारले आणि अनेकांना बुडवले. वालचंद दुसऱ्या रांगेत बसले.

त्यांना सावरले ते रेल्वेने. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. कंत्राटाची आणि साहेबाच्या कचेरीची त्यांना माहिती होती. वालचंद यांच्याकडे पेढीचे भांडवल होते. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. मराठवाड्याच्या सीमेवर सुरू झालेली ही भागीदारी पुढे फाटक-वालचंद या नावाने गाजली. नंतर भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईच्या पाणीपुरवठ्याची कामे अशी मोठी कंत्राटे आली. १९२६ मध्ये त्यांनी सुरू केलेली बांधकाम कंपनी आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणून ओळखली जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वालचंद यांचा पहिला मोठा पैसा सरकारी आणि निमसरकारी कामांतून आला. सरकार गिऱ्हाईक म्हणून कसे वागते, कागद कुठे अडतो, निविदेत कोण कोणाला झुकते माप देतो, हे ते विशीतच शिकले. पुढे सरकारशी ते जे भांडले, ते बाहेर उभे राहून नव्हे.

जहाजांचा धंदा तेव्हा कोणाच्या हातात होता?

जवळपास संपूर्णपणे इंग्रज कंपन्यांच्या. हे मुळात तसे नव्हते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे ब्रिटिश आरमारात होती. १८१७ मध्ये इथे तयार झालेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. पण लाकूड आणि शीड मागे पडून लोखंड आणि वाफ आली, तेव्हा नव्या तंत्राची बाजू धरायला इथे आपले सरकार नव्हते. किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीकडे गेली. टपाल नेण्याची सरकारी कंत्राटे तिच्याकडे होती. म्हणजे जहाज रिकामे गेले तरी काही उत्पन्न ठरलेले. पुढे ही कंपनी आणि बलाढ्य पी अँड ओ कंपनी एकत्र आल्या आणि दोन्हींची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती आली.

परभणीच्या बाजूने पाहिले तर हे चित्र असे दिसते. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये मनमाडपर्यंत धावू लागली. मग परभणी, मानवत रोड, सेलू या स्थानकांवरून कापूस मुंबईकडे निघाला. निजाम राज्याची हद्द ओलांडताना करोडगिरी भरायची, मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून माल उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवायचा, मुंबईत दलाली द्यायची आणि तिथून पुढे बोटीचे भाडे. लिव्हरपूल किंवा ओसाकाच्या भावातून हे सगळे वजा होत होत जे उरे, तो शेतकऱ्याचा भाव. निजामाच्या राज्याला स्वतःचे बंदरच नव्हते. रेल्वेच्या दराबद्दल हैदराबादच्या दरबारात निदान अर्ज करता येत होता; बोटीच्या भाड्याबद्दल अर्ज करायला कोणी नव्हते.

भारतीयांनी प्रयत्न केले नव्हते असे नाही. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या सोबतीने मुंबई ते जपान कापूस नेण्यासाठी जहाजे सुरू केली. पी अँड ओ कंपनीने भाडे इतके खाली आणले की टाटांची लाइन अल्पावधीत बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली. कारण तिकडच्या गिरणीवाल्यांनी आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणण्याचे बंधन पाळले आणि जपान सरकार पाठीशी होते. १८९६ मध्ये जपानने नौकानयन आणि जहाजबांधणी या दोन्हींना उत्तेजन देणारे स्वतंत्र कायदे करून थेट अनुदान सुरू केले. एकाच मार्गावर, एकाच मालासाठी, एकाच शत्रूशी दोघे लढले. फरक इतकाच की एकामागे सरकार होते.

दक्षिणेत चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन ते कोलंबो स्वदेशी बोटी सुरू केल्या. तिथेही भाडे पाडले गेले. १९०८ मध्ये पिल्लै यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आले आणि कंपनी उतरणीला लागली.

वालचंद यांनी सुरुवात कशी केली?

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जहाजांची टंचाई होती, भाडी आकाशाला भिडली होती. रेल्वेच्या एका प्रवासात वालचंद यांना कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकायचे आहे. हे जहाज मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पॅसिफिक महासागरात वीसहून अधिक वर्षे चाललेले. युद्धात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून महाराजांनी ते घेतले होते. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांना सोबत घेऊन ते विकत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. नाव ग्वाल्हेरच्या घराण्यावरून पडले.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला आणि आठवडाभरात जालियनवाला बाग घडले. त्या गदारोळात एका जुनाट बोटीच्या प्रवासाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल, पण १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज फायद्याचे मात्र ठरले नाही. दुरुस्तीचा खर्च मोठा, कोळशाची भूक मोठी, माल मिळण्याची खात्री नाही. १९२३ मध्ये ते भंगारात निघाले. व्यवहाराच्या हिशेबात ही खरेदी फसलीच. तिचा उपयोग झाला तो भारतीय कंपनीचे जहाज समुद्र ओलांडून जाऊ शकते हे भागधारकांना दाखवण्यापुरता.

दरयुद्ध म्हणजे नेमके काय झाले?

सिंदियाने नंतर आणखी जहाजे घेतली आणि रंगून ते मुंबई व भारतीय किनारा या मार्गावर लक्ष दिले. ब्रह्मदेशाचा तांदूळ आणि सागवान हा तिथला मुख्य माल. ब्रिटिश इंडिया कंपनीने तांदळाचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांपर्यंत खाली आणले. ६ रुपयांत कोळशाचा खर्चही निघत नव्हता. पण मोठ्या कंपनीच्या शेकडो जहाजांपैकी मोजकीच या मार्गावर तोटा सोसत होती. सिंदियाची मात्र जवळपास सगळीच.

भाडे पाडणे हे उघड हत्यार. त्याहून धारदार हत्यार कागदावर होते. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातला काही हिस्सा कंपनी त्याला परत करायची. पण लगेच नाही, काही महिन्यांनी, आणि तेही त्याने त्या मुदतीत दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून एकही गोणी पाठवली नसेल तरच. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा कायम कंपनीकडे अडकलेला. एखाद्या तांदूळवाल्याला सिंदियाबद्दल कितीही आपुलकी असली, तरी एका खेपेसाठी सहा महिन्यांची सवलत गमवायला तो तयार होत नसे. आडत्याकडे उचल घेतलेला शेतकरी जसा दुसऱ्या आडतीवर माल नेऊ शकत नाही, तसाच हा प्रकार.

स्वस्त भाड्याचा फायदा काही काळ व्यापाऱ्यांना आणि ग्राहकांना झाला, हे नाकारता येत नाही. टीकाकारांचा तेव्हाचा मुद्दाही तोच होता : परकी कंपनी स्वस्तात माल नेत असेल तर देशी कंपनीसाठी जास्त पैसे का मोजायचे? वालचंद यांच्या बाजूचे उत्तर असे की हे भाडे स्वस्त आहे ते स्पर्धक जिवंत आहे तोवरच. टाटांची लाइन बंद पडल्यावर काय झाले, हे कापूसवाल्यांनी पाहिले होते.

सिंदियाने माघार का घेतली?

मंदी आली, कंपनीचे भांडवल झिजत गेले आणि १९२३ मध्ये इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने आपला ताफा ७५ हजार टनांच्या मर्यादेत ठेवायचा आणि किनारी मालवाहतुकीपुरतेच राहायचे. बदल्यात दरयुद्ध थांबेल. इंग्लंडकडे जाण्याचे स्वप्न घेऊन निघालेली कंपनी किनाऱ्याला बांधली गेली. वालचंद हा करार अपमानकारक मानत. पण करार झाला नसता तर कंपनी राहिली नसती, हेही तितकेच खरे. पुढची दहा वर्षे त्यांनी समुद्रावर कमी आणि कायदेमंडळाच्या आवारात जास्त लढाई केली.

सरकारने त्या काळात काहीच दिले नाही का?

दिले, पण जे दिल्याने कोणाचेही काही बिघडणार नव्हते, तेवढेच. भारतीय व्यापारी नौकानयनाचा विचार करण्यासाठी १९२३ मध्ये रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९२४ च्या अहवालात तीन ठळक गोष्टी सुचवल्या : भारतीय तरुणांना अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षण-जहाज, किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीय मालकीच्या जहाजांसाठी राखीव ठेवणे आणि जहाजबांधणीला साह्य. सरकारने पहिली शिफारस उचलली. १९२७ मध्ये माझगावजवळ ‘डफरिन’ हे जहाज नांगरून प्रशिक्षण सुरू झाले. उरलेल्या दोन शिफारशी फायलीत राहिल्या.

‘डफरिन’चे महत्त्व कमी लेखू नये. पुढच्या काळातले भारतीय कप्तान आणि इंजिनीअर तिथूनच घडले. पण मुले शिकून बाहेर पडल्यावर त्यांना ठेवून घेणार कोण, हा प्रश्न होता. इंग्रज कंपन्या भारतीय अधिकारी घ्यायला नाखूश. राहता राहिली सिंदिया. आणि सिंदियाचा ताफा तर करारानेच मर्यादित. माणसे घडवायची पण त्यांना काम मिळेल असा धंदा वाढू द्यायचा नाही, अशी ही रचना होती. कौशल्य प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांत हा घोटाळा आजही अनोळखी नाही.

१९२८ मध्ये सिंदियाशी संबंधित असलेले साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक आणले. जगातल्या अनेक देशांत अशी तरतूद होतीच; अमेरिकेने १९२० मध्ये ती कायद्याने पक्की केली होती. इथे ब्रिटिश कंपन्यांनी आणि सरकारने विरोध केला व विधेयक तडीस गेले नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने तर ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा करण्याची वाटच बंद केली. म्हणजे निवडून आलेल्या मंत्रिमंडळालाही देशी जहाजांना झुकते माप देता येणार नव्हते.

दरम्यान १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. १९५० पर्यंत ते त्या पदावर होते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची १९२७ मधील स्थापना आणि नंतर फिक्कीचे अध्यक्षपद यांमागेही हीच गरज होती : एकट्या कंपनीचे गाऱ्हाणे सरकार ऐकत नाही. करार संपल्यावर कंपनी पुन्हा पुढे सरकली. १९३७ मध्ये तिने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत उतरून मुघल लाइनशी टक्कर घेतली. तिथेही तिकिटांचे दर कोसळले. मराठवाड्यातून रेल्वेने मुंबईला जाऊन जिद्दाची बोट पकडणाऱ्यांना त्या एक-दोन हंगामांत स्वस्त प्रवास मिळाला, तो या भांडणामुळे.

एक बाजू मात्र वालचंद यांच्या चरित्रांत जरा दबक्या आवाजात येते. किनाऱ्यावरच्या लहान भारतीय जहाज कंपन्यांना सिंदियाही मोठा मासाच वाटत असे. पश्चिम किनाऱ्यावर कोणी किती माल न्यायचा, यावरून त्यांच्यात तंटे झाले आणि व्यापार सदस्य सर जोसेफ भोर यांना मध्यस्थी करावी लागली. संरक्षण मागणारा स्वतः बलवान झाला की त्याच्यापासून इतरांना संरक्षण लागते. आज सागरी सवलतींचा फायदा दोन-चार मोठ्या समूहांनाच होईल का, अशी जी शंका घेतली जाते, तिचे मूळ इतके जुने आहे.

विशाखापट्टणमची गोदी कशी उभी राहिली?

दुसऱ्याने बांधलेली जहाजे घेऊन दुसऱ्याशी स्पर्धा करता येत नाही, हे वालचंद यांना उमगले होते. त्यांना आधी कोलकात्यात गोदी हवी होती. तिथल्या बंदर प्रशासनाच्या अटी मान्य होण्यासारख्या नव्हत्या. अखेर विशाखापट्टणम ठरले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. जगभर जहाजे बुडत होती, ब्रिटनला प्रत्येक टन हवा होता. अशा वेळी तरी सरकार मदत करील असे वाटले होते. पण नवी जहाजे बांधण्याऐवजी दुरुस्तीलाच प्राधान्य देण्याचे धोरण राहिले. पोलाद आणि यंत्रांसाठी झगडावे लागले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि काम विस्कटले.

याच वर्षांत याच माणसाला सरकारने वेगळी वागणूकही दिली. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. म्हैसूरने जमीन आणि भांडवल दिले, लवकरच भारत सरकारही भागीदार झाले. १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. मोटारीच्या कारखान्याला मात्र युद्धकाळात पाठिंबा मिळाला नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये खासगी बळावर निघाली. विमानाला हो, मोटारीला नाही, जहाजाला नाही. तिघांतला फरक तंत्रज्ञानाच्या अवघडपणाचा असता तर विमानाला आधी नकार मिळायला हवा होता. जहाज आणि मोटार या धंद्यांत ब्रिटिश कंपन्यांचे हितसंबंध आधीपासून बसलेले होते. पूर्वेकडे विमाने जुळवण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय मात्र सरकारला स्वतःलाच हवी होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले का?

पालटले, पण वालचंद यांना अपेक्षित होते तसे नव्हे. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जल उषा’ हे आठ हजार टनांचे जहाज विशाखापट्टणमच्या पाण्यात उतरले. तीन दशकांची मागणीही मान्य झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली.

अडचण होती किमतीची. इंजिन बाहेरून, प्लेटा बाहेरून, कारागीर नवे. ब्रिटिश गोदीत तेच जहाज बरेच स्वस्तात पडत होते. सिंदियाने महागडे जहाज घ्यावे तर भाड्याच्या स्पर्धेत मरावे, न घ्यावे तर गोदी बंद पडावी. दोन किमतींतला फरक सरकारने भरून द्यायचा, हा मार्ग तेव्हा निघाला. जहाजबांधणीच्या अनुदानाचे तत्त्व भारतात तेव्हापासून जवळपास हेच आहे : परदेशात जी किंमत पडली असती ती गिऱ्हाइकाने द्यावी, वरचा बोजा तिजोरीने उचलावा.

पण तिजोरी उघडली की मालकीचा प्रश्न येतो. दरवर्षी जनतेचा पैसा एका खासगी गोदीत का ओतायचा, असे विचारले जाणे स्वाभाविक होते. सिंदियालाही तो भार पेलवेना. १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी स्थापन होऊन दोनतृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला. १९६१ मध्ये उरलेलाही गेला. वालचंद यांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरची वर्षे त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. विमानाचा कारखाना आणि जहाजाची गोदी, दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत सरकारी झाले होते. सिंदिया कंपनी पुढे काही दशके चालली, नंतर कर्जात रुतत गेली आणि संपली. विशाखापट्टणमची गोदी २०१० पासून संरक्षण मंत्रालयाकडे आहे.

आजच्या योजनांत नवे काय आणि परभणीला त्याचे काय?

स्वातंत्र्याच्या वेळी देशाकडे दोन लाख टनांपेक्षा कमी क्षमतेची जहाजे होती. आज ती क्षमता सव्वा कोटी टनांच्या पुढे गेली आहे. परंतु व्यापार त्याहून कितीतरी वेगाने वाढला. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे दिलेल्या आकड्यांनुसार देशाच्या परदेशी व्यापारातील भारतीय जहाजांचा वाटा एकेकाळी ४० टक्के होता, तो सुमारे ५ टक्क्यांवर आला आहे आणि परदेशी जहाज कंपन्यांना वर्षाला जवळपास ६ लाख कोटी रुपये भाडे जाते.

मंजूर झालेल्या ६९ हजार ७२५ कोटींपैकी २४ हजार ७३६ कोटी जहाजबांधणीच्या थेट अर्थसाह्यासाठी आहेत, २५ हजार कोटी सागरी विकास निधीसाठी आणि १९ हजार ९८९ कोटी गोद्यांची क्षमता वाढवण्यासाठी. पहिला भाग म्हणजे ‘जल उषा’च्या काळातलाच किमतीतला फरक भरून देण्याचा मार्ग. दुसरा भाग वेगळा आहे. जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते, पण त्यासाठी स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे कर्ज भारतात सहज मिळत नाही. सिंदियाला १९२१-२२ मध्ये जो दम कमी पडला, तो नेमका याच जागी.

किनारी वाहतुकीच्या आरक्षणाबाबत मात्र सरकार दोन्ही दिशांनी चालले आहे. २०१८ मध्ये शेतमाल आणि खते यांच्यासाठी परदेशी ध्वजाच्या जहाजांवरचे निर्बंध सैल करण्यात आले, म्हणजे भाडे कमी व्हावे. २०२५ च्या किनारी नौवहन कायद्यात परदेशी जहाजांना परवाना घेण्याची अट कायम आहे, म्हणजे देशी ताफा टिकावा. शेतकरी आणि जहाजमालक यांचे हित इथे एका रेषेत नाही. मराठवाड्यातल्या सोयापेंडच्या निर्यातदाराला आज स्वस्त भाडे हवे असते. स्पर्धक संपल्यावर ते भाडे किती होईल, याची काळजी तो क्वचितच करतो. रंगूनच्या तांदूळवाल्यांनीही केली नव्हती.

या भागासाठी बंदराशी जवळचा दुवा म्हणजे जालन्याजवळचे ड्राय पोर्ट. जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतलेल्या या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. सीमाशुल्काचे सोपस्कार तिथेच करून कंटेनर थेट बंदरावर पाठवता यावेत, ही त्यामागची कल्पना. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली आहे. तिथल्या मच्छीमारांचा विरोध कायम आहे. परभणीच्या शेतकऱ्याच्या गाठीला या बंदरातून जाताना कोणत्या ध्वजाचे जहाज मिळेल, हे मात्र बंदरावर ठरणार नाही. ते गोद्यांना मिळणाऱ्या कामावर आणि कर्जाच्या व्याजदरावर ठरेल. जहाजबांधणी अर्थसाह्य योजनेची मुदत ३१ मार्च २०३६ पर्यंत आहे.